हाडाशेजारची पांढरी रेघ

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

बाबा, "क्रिएटिनिन 1.6 वरून 1.5 वर आलं" हे काल फोनवर सांगताना तुमचा आवाज इतका मोकळा होता की मला पुढे बोलवेना. म्हणून लिहायला बसले.

क्रिएटिनिन हा किडनीने बाहेर टाकायचा कचरा, तो आपल्या स्नायूंतून येतो. वर्षभरात तुमचं वजन सहा किलो उतरलंय, घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. स्नायू झडले की क्रिएटिनिनही कमी दिसतं, म्हणून हा आकडा म्हणजे किडनी सुधारल्याची खूण मानायला माझं मन धजत नाही. सिस्टॅटिन-सी नावाची रक्ततपासणी असते, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. डॉक्टरांना तेवढं विचाराच.

पण मला खरी धास्ती आहे ती रक्तवाहिन्यांची. आपण सगळे डायलिसिसला घाबरतो, पण किडनीच्या या जुनाट आजारात डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने गाठलेले रुग्ण जास्त असतात. आई, बाबा पडले तेव्हा मनगटाच्या एक्स-रेत हाडाशेजारी एक बारीक पांढरी रेघ दिसली होती. "हे काय गं?" असं तू विचारलंस आणि फ्रॅक्चर नाही या आनंदात आपण ते विसरून गेलो. ती धमनी होती. एक्स-रेत धमनी सहसा दिसत नाही. तिच्या भिंतीत कॅल्शियम साठलं की ती अशी उमटते.

असं का होतं, ते मी समजून घेतलंय. किडनी थकली की तिला फॉस्फेट (रिपोर्टमधला फॉस्फरस) बाहेर टाकणं जड जातं. तरी रिपोर्टमध्ये फॉस्फरस बरीच वर्षं नॉर्मल येतो, कारण हाडांतून एफजीएफ-23 हे हार्मोन जास्त सुटतं आणि उरल्यासुरल्या किडनीकडून जादा काम करून घेतं. मग पॅराथॉर्मोन, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोनही वाढतं. या सगळ्यामुळे हळूहळू धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी चक्क हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. नळी तुंबलेली नसते, ताठ झालेली असते. तुमचं बीपी 158/66 येतं आणि तुम्ही म्हणता, "खालचं तर छान आहे." बाबा, वरच्या-खालच्या आकड्यांतलं हे एवढं अंतरच त्या ताठपणाचं लक्षण असतं.

तुमच्या फायलीत लघवीतल्या अल्ब्युमिनचा (एका प्रथिनाचा) रिपोर्ट कुठेच नाही. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या आत हवा. त्यावर गेला, तर किडनीच्या गाळण्या तर गळतायतच, पण बाकीच्या वाहिन्यांनाही धोका आहे असं धरतात. साधी तपासणी आहे, याच महिन्यात करून घ्या. फॉस्फरस, कॅल्शियम, पॅराथॉर्मोन आणि हिमोग्लोबिन कधी करायचं, तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. गुडघ्यासाठी परस्पर घेता ती पेनकिलर मात्र आजच बंद करा. हे मी हात जोडून सांगते.

आई, एक काम तुझ्याकडे. रक्त घ्यायला मुलगा येतो तेव्हा बाबा सवयीने डावा हात पुढे करतात. त्याला तळहाताच्या मागच्या बाजूने रक्त घ्यायला सांग. कधी फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं) करावा लागलाच, तर कोपराजवळच्या आणि मनगटाच्या वरच्या शिरा शाबूत लागतात. ती वेळ आलीय असं मी म्हणत नाहीये, बाबा. शिरा जपून ठेवायच्या, एवढंच. पुढच्या तपासणीला मी तुमच्याबरोबर येते, तारीख कळवा.

तुमची,
धाकटी