पिनाकाचे 44 सेकंद, माझे 314 दिवस

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

आधी अभिनंदन. सोमवारी, 29 डिसेंबर 2025 ला, चांदीपूरहून लांब पल्ल्याचं पिनाका रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि 120 किलोमीटरवर सांगितलेल्या जागी जाऊन पडलं. बुधवारी तिथूनच एका लाँचरवरून एकापाठोपाठ दोन ‘प्रलय’ क्षेपणास्त्रं सुटली. गुरुवारी भोसरी एमआयडीसीतल्या माझ्या शेडमधून माझं व्हीएमसी मशीन, म्हणजे धातू कापून भाग घडवणारं संगणकी यंत्र, हायड्रा क्रेनने उचलून ट्रकवर चढवलं. पहिल्या दोन बातम्या तुम्हाला ठाऊक आहेत. तिसरी कळवावी म्हणून हे पत्र. तिच्यामागे एक थकलेलं बिल आहे.

गुरुवार म्हणजे आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी. गल्ली रिकामी असते. मुद्दाम तोच वार धरला, चारचौघांनी बघायला नको म्हणून. तरी समोरचा फॅब्रिकेशनवाला शटर अर्धं वर करून उभा होताच. मशीनच्या दारावर खंडेनवमीला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक होतं, हँडलला झेंडूची वाळलेली माळ. ट्रकवाला म्हणाला, “शेठ, माळ काढू का?” म्हटलं, राहू दे. मशीन कोल्हापूरला गेलं. खाली लेव्हलिंग पॅडचे गोल डाग राहिलेत आणि कूलंटचा वास. 2019 साली कर्ज काढून घेतलेलं मशीन होतं, हप्ता 78,400 रुपये. बाकीचं गणित तुम्हीच करा.

मी काय बनवतो ते लिहीत नाही. ऑर्डरमध्ये गुप्ततेची अट आहे आणि ती मी पाळतो. (पैशांच्या बाबतीतली गुप्तता समोरची पार्टी माझ्यापेक्षा कडक पाळते.) एवढंच सांगतो की तळहातावर मावेल अशी अ‍ॅल्युमिनियमची रिंग आहे, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी चूक, 20 मायक्रॉन. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. ही रिंग तोफखान्याच्या रॉकेटच्या जुळणीत कुठेतरी लागते. मी ज्यांना देतो ते कुणाला देतात, ते पुढे कुणाला देतात, ही साखळी मला चौथ्या कडीनंतर माहीत नाही. मोठ्या कंपनीचं नाव मी फक्त पेपरात वाचतो.

इन्स्पेक्शनला जो मुलगा आला होता तो मखमली पाऊचमधून प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दांडा, काढायचा. गो बाजू अलगद आत गेली पाहिजे, नो-गो बाजू अडली पाहिजे. 400 नगांतले 37 त्याने परत केले. थ्रेडवर बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची खरखर, होती, त्याचं बरोबर होतं. पदरच्या खर्चाने पुन्हा केले. देशाच्या रॉकेटला लागणार म्हटल्यावर कुरकुर केली नाही. 21 फेब्रुवारी 2025 ला माल पाठवल्याचं शेवटचं चलन फाडलं. माल पास झाला, सही-शिक्का मिळाला. बिल 14,62,000, वर जीएसटी 2,63,160. या बिलाला मात्र दोन्ही बाजूंनी नो-गो लागलाय.

एका मेळाव्यात तुमच्याच खात्याचे एक मोठे अधिकारी व्यासपीठावरून म्हणाले होते, “लघुउद्योजकाचा पैसा 45 दिवसांत त्याच्या खात्यात, ही आमची जबाबदारी.” टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. पहिल्या रांगेच्या मागेच. 2006 चा कायदाही तेच सांगतो: 45 दिवसांच्या आत, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वाचायला फार सुंदर कायदा आहे. गुरुवारी मशीन गेलं तेव्हा 314 वा दिवस होता.

फोन केला की उत्तर ठरलेलं. “प्रोसेसमध्ये आहे.” मग, “वरून आलं की लगेच सोडतो, आपलं बॅक टू बॅक आहे ना?” वरून म्हणजे कुठून? वरच्याला विचारलं तर तोही वर बोट दाखवतो. बोटांची ही रांग दिल्लीपर्यंत येत असणार, म्हणून थेट तुम्हालाच लिहितोय. जीएसटी मात्र बॅक टू बॅक नाही. तो 20 मार्चला भरला, क्रेडिट वजा जाता उरलेला, बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून. मला न मिळालेल्या पैशावरचा कर मी सरकारला वेळेवर दिला. एक दिवस उशीर झाला असता तर लेट फी आणि व्याज आपोआप लागलं असतं, कुणाला विचारायला वर जावं लागलं नसतं.

थकलेल्या बिलांसाठी सरकारचं समाधान पोर्टल आहे, त्यावर तक्रार कर, असं सीए सांगतो. केली की पुढची ऑर्डर बंद, हे पोर्टल काढणाऱ्याला माहीत नसेल तर नवल आहे. आयकराचा नवा नियम आला, 43बी(एच), की लहान उद्योगाचं पेमेंट वेळेत दिलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येणार नाही. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. आठवड्याभरात शेजारच्या शेडवाल्याला त्याच्या पार्टीचा निरोप आला: उद्यम नोंदणी (लहान उद्योग असल्याची सरकारी नोंद) रद्द करून घ्या, नाहीतर माल दुसरीकडून घेऊ. त्याने रद्द केली. आता तो कागदावर लहान नाही. मोठा झाला बिचारा.

घरचं लिहिणार नव्हतो. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत आहेत. मुलीच्या तिसऱ्या वर्षाची फी मेहुण्याने भरली, आणि दिवाळीला तो ज्या पद्धतीने “असू दे हो दाजी” म्हणाला ते अजून कानात आहे. बार्शीचा ऑपरेटर माझ्याकडे नऊ वर्षं होता, दोन पगार थकल्यावर चाकणला गेला. जाताना पाया पडला, त्यापेक्षा भांडला असता तर बरं वाटलं असतं.

साहेब, मी रॉकेटच्या विरोधात नाही. माझे वडील खडकीच्या कारखान्यात फिटर होते. पिनाका पुण्याचंच लेकरू, पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रसंशोधन संस्थेतलं. 1986 ला मंजुरी, 1999 ला कारगिलमध्ये डागलं. तेव्हा पल्ला 38 किलोमीटरच्या आसपास, मग 45, मग मार्गदर्शित 75, आता 120. एक लाँचर 44 सेकंदांत 12 रॉकेटं सोडतो, सहा लाँचरची बॅटरी 72. हे आकडे सांगताना मलाच अजून अंगावर काटा येतो. 44 सेकंद बरोबर मोजणारी घड्याळं ज्या देशात आहेत तिथे 45 दिवस कुणालाच का मोजता येत नाहीत?

की मोजायचेच नाहीत? 2020 च्या ऑगस्टमध्ये पिनाकाच्या सहा रेजिमेंटसाठी 2,580 कोटींचे करार झाले, 2024 पर्यंत सगळं पूर्ण होणार असं तेव्हा छापून आलं होतं. 2025 च्या फेब्रुवारीत, मी चलन फाडलं त्याच महिन्यात, पिनाकाच्या दारूगोळ्यासाठी 10,147 कोटींच्या करारावर सह्या झाल्या. एकूण 22 रेजिमेंट करायच्यात म्हणे. 10,147 कोटींत माझी साडेचौदा लाखांची बिलं किती बसतात ते मुलीने मोबाइलवर काढलं, सत्तर हजारांच्या जवळपास. हिशेब चुकला असेल तर तुमच्या खात्यात लेखापाल पुष्कळ आहेत. 2021 ला दारूगोळा कारखाने चालवणारं ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात कंपन्या केल्यात, काम चपळ होईल म्हणून. आमच्या गल्लीत चपळाई काही पोचली नाही, फक्त लेटरहेड बदलली. आत्मनिर्भर हा शब्दही आम्हीच खरा केलाय. सरकार, बँक, पार्टी, कुणावरच अवलंबून राहायची सोय उरलेली नाही.

मागणं मोठं नाही. मोठ्या कंपनीचा पुढचा हप्ता सोडण्याआधी तिच्याकडून, आणि तिच्या खालच्या, त्याच्याही खालच्याकडून, लहान पुरवठादारांचे पैसे दिल्याचा दाखला घ्या. रिंग 20 मायक्रॉनने चुकली तर तुमचा माणूस माझ्या शेडपर्यंत येऊन ती शोधून काढतो. म्हणजे साखळीतली प्रत्येक कडी तुम्हाला माहीत आहे. रिंगेला लावता तोच गेज एकदा बिलालाही लावून बघा.

कळावे. लोभ होताच, वाढवा असं म्हणवत नाही.

आपला,
भोसरीचा एक लघुउद्योजक

ता. क. पत्र टाइप करत असतानाच त्याच पार्टीच्या खरेदी विभागातून फोन आला. त्याच रिंगेची नवी ऑर्डर आहे, 600 नग, रेट जुनाच, फार अर्जंट. वरून प्रेशर आहे म्हणाले. मशीन गेल्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.