कवडशाच्या स्पर्धेला अंधार हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्यात झालेल्या ॲनिमेशन स्पर्धेत सर्व गटांना माळवदाच्या घराचे एकच थ्रीडी मॉडेल देण्यात आले होते आणि कॅमेरा न हलवता, केवळ प्रकाशयोजनेतून 20 सेकंदांचे दृश्य उभे करायचे होते. आमच्या गटाने छतातल्या झरोक्यातून उतरणारा कवडसा निवडला. सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीवर असतो, ऊन चढते तसा खाली सरकत जमिनीवर येतो आणि दिवस कलताना पूर्वेच्या भिंतीवर चढून विझतो. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत वाढलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही.

सूर्य फिरवणे सोपे होते. अवघड होता तो कवडशाभोवतीचा अंधार, कारण सारवलेल्या जमिनीवरून परतणारा मंद उजेड धुराने काळवंडलेल्या तुळयांपर्यंत किती पोहोचावा, यावरच ते घर खरे वाटणार की नाही हे ठरत होते. सेकंदाला 24 याप्रमाणे 480 फ्रेम झाल्या. एकेका फ्रेमला 6 मिनिटे, म्हणजे रेंडरिंगचेच (संगणकाने मॉडेल आणि प्रकाशावरून चित्र तयार करण्याचेच) 48 तास. वीज जाईल या धास्तीने थेट व्हिडिओ न करता प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र म्हणून साठवली, त्यामुळे दोनदा वीज जाऊनही काम थांबले तिथूनच पुढे नेता आले.

एवढे करून ते दृश्य परीक्षकांना दाखवले गेले भर दुपारी, खिडक्या उघड्या आणि ट्यूबलाइट सुरू असलेल्या सभागृहात. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. जिथे तो प्रकाश टाकत नाही तिथे नुसता पडदा दिसतो, आणि सभागृहातल्या उजेडाने तो पडदाच पांढरा पडला होता. तुळया दिसल्याच नाहीत. शिवाय फाइल मोबाइलवरच्या मेसेजमधून मागवल्यामुळे ती आकसली आणि अंधाराच्या छटांचे पट्टे झाले. हे सगळ्याच गटांच्या वाट्याला आले, म्हणून निकालाबद्दल माझी तक्रार नाही.

आयोजकांना कळकळीची विनंती आहे की, मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि दृश्ये सूर्यास्तानंतर, दिवे मालवून दाखवावीत. दुपारचीच वेळ सोयीची असेल, तर खिडक्यांना लावण्यासाठी जाड सतरंज्या आम्ही स्पर्धक घरून आणू.

आपली नम्र,
एक स्पर्धक विद्यार्थिनी, परभणी