स्लाइड वाचायला शिकवणाऱ्या जागा द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी रक्ताच्या तपासण्या करते. २१ वर्षे झाली.

गेल्या डेंग्यूच्या दिवसांत एका ओल्या बाळंतिणीचा रिपोर्ट मशीनमधून आला: प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) १८ हजार; दीड लाखाच्या वर हव्यात. वॉर्डात एकच धावपळ. नवरा प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी नागपूरला निघालेला. पण बाईच्या अंगावर एक लाल ठिपका नव्हता, हिरड्यांतून रक्त नव्हतं. मी त्याच जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधला थेंब घेऊन काचेच्या स्लाइडवर पातळ ओढला, लीशमन रंगाने रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत मोठ्या भिंगाखाली धरला. स्लाइडच्या शेपटाशी, म्हणजे थर जिथे सर्वांत पातळ होत संपतो तिथे, प्लेटलेटचे घोसच्या घोस! रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये असलेल्या ईडीटीए या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट अशा एकमेकींना चिकटतात आणि मशीनच्या मोजणीतून सुटतात. सायट्रेट हे दुसरं रसायन असलेल्या निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं. आकडा आला १ लाख ६० हजार. नवऱ्याला फाटकातूनच परत बोलावलं.

हे मी कॉलेजात शिकले नाही. आमच्या तेव्हाच्या सीनियर बाईंनी सहा महिने रोज दुपारी मला शेजारी बसवलं. "आधी शेपूट बघ, मग आकड्यावर विश्वास ठेव," असं त्या म्हणायच्या. आज माझ्याकडे डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) झालेली मुलं येतात. हुशार आहेत. पण पहिल्याच दिवशी सॅम्पलच्या ढिगाला जुंपली जातात, आणि हात बसेपर्यंत कंत्राट संपतं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं, त्यात आपले गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारही आहेत. सोल्युबिलिटी या पहिल्या, सोप्या चाचणीची ट्यूब गढूळ झाली की सिकल आहे एवढंच कळतं. वाहक (स्वतः आजारी नाही, पण बाळाला आजार देऊ शकतो) की रुग्ण, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या तपासण्यांवर ठरतं. त्यांचा निकालही वाचता यावा लागतो. नुकतंच रक्त चढवलेल्या मुलात दात्याचं रक्त मिसळलेलं असतं, म्हणून निकाल फसवतो. अंगात लोह कमी असलेल्या गरोदर बाईचं ए-टू (थॅलेसेमियाच्या वाहकात वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) खाली उतरतं आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराची वाहक 'नॉर्मल' म्हणून घरी जाऊ शकते. नवराही वाहक निघाला तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून तर मला हे पत्र लिहावंसं वाटलं.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ ३ वर्षांत तयार करतात: पहिल्या महिन्यापासून पगार, रुग्णालयाच्याच लॅबमध्ये शिक्षण, जोडीला एमएस्सी, शेवटी नोंदणी. आपल्याकडेही पाया आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने प्रयोगशाळेतल्या व्यवसायाला मान्यता दिली. मुंबईत केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था (एनआयआयएच) आहे, चंद्रपुरात तिचं केंद्र आहे.

माझी मागणी अशी. प्रत्येक महसूल विभागातल्या एका जिल्हा रुग्णालयात हिमॅटॉलॉजीच्या (रक्ततपासणीशास्त्राच्या) २ पगारी प्रशिक्षण जागा, २ वर्षांसाठी. त्यातले काही महिने मुंबईत किंवा चंद्रपुरात. आणि शिकवणाऱ्याला रोज २ तास सॅम्पलमधून मोकळीक. हे नसेल तर बाकीचं कागदावरच राहील. आपलं खातं आणि वैद्यकीय शिक्षण खातं वेगळं आहे, म्हणून दोघांनी एकत्र बसून हे ठरवावं, ही विनंती.

मला निवृत्तीला ४ वर्षे आहेत. पहिली २ मुलं या जूनमध्ये आली, तर दुसरी तुकडीसुद्धा माझ्या हाताखाली तयार होईल.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ