सूचना : लेकरांच्या हाती मोबाईल देण्याआधी

वाचनालयाच्या सर्व पालक सभासदांना नमस्कार.

रविवारी चौथीतलं एक लेकरू प्रकल्पासाठी वेरूळच्या लेण्यांचे फोटो शोधत होतं. मधेच नको ते चित्र आलं. त्यानं मोबाईल पालथा ठेवला अन् गप्प बसलं. कोणी रागावू नका, चूक त्याची नव्हती.

आज रात्रीच एवढं करा. गुगलच्या सेटिंगमध्ये 'सेफसर्च' (शोधातलं अश्लील गाळणारी सोय) उघडा अन् 'फिल्टर' निवडा. 'ब्लर'वर ठेवलं तर चित्रं धूसर होतात, पण अश्लील मजकूर अन् लिंका दिसू शकतात. फिल्टर फक्त गुगलच्या शोधापुरतं आहे. दुसऱ्या ॲपमध्ये ते चालत नाही, म्हणून जवळ बसणं सुटत नाही.

१३ वर्षांखालच्या लेकरांसाठी 'फॅमिली लिंक' या गुगलच्याच पालकांसाठीच्या ॲपमधून वेगळं खातं काढा, त्यात हे फिल्टर आधीपासूनच चालू असतं. 'किडल' हे लहानांचं शोधयंत्रही चांगलं आहे, मात्र ते गुगल कंपनीचं नाही अन् मराठीत शोधायला फारसं कामाचं नाही. मराठीसाठी मला विकिपीडियाच बरा वाटतो.

ज्यांना सेटिंग जमत नाही त्यांनी शनिवारी संध्याकाळी ६ वाजता मोबाईल घेऊन वाचनालयात यावं. आजी-आजोबांनीही यावं, दुपारी लेकरं त्यांचाच फोन घेतात.

– सचिव, अंबाजोगाई