गणवेश, हजेरी आणि आतून कडी लागणारे एक स्वच्छतागृह

मा. संपादक,
स. न.

जूनमध्ये शाळा पुन्हा भरतील. सोलापूर हे गणवेशाचे शहर. इथे शिवलेले शर्ट-पँट आणि सलवार-कमीज बाहेरच्या कितीतरी शाळांत जातात. याच शहरात आठवी-नववीतले पारलिंगी मूल (जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग ज्याला आपले वाटत नाही असे) शाळेला कंटाळते, तेव्हा सुरुवात बहुधा गणवेशापासून होते. नोंद मुलीची, पण स्वतःला मुलगा मानणारा विद्यार्थी ओढणी घेऊन सहा-सात तास बसतो. त्याचे लक्ष फळ्याकडे नसते, आपल्या अंगाकडे कोण पाहते आहे याकडे असते.

या मुलांचा विषय निघाला की चर्चा ओळखपत्रावर आणि शस्त्रक्रियेवर जाते. अठराच्या आत शस्त्रक्रियेचा विचार करू नये. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यानुसार अल्पवयीन मुलाच्या ओळखपत्राचा अर्ज पालकांनी करायचा असतो, म्हणजे घरच्यांनी नाकारले की तो मार्गही बंद. मुख्याध्यापकांच्या हातात मात्र बरेच काही आहे आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

पहिली गोष्ट हाक. कॅटलॉगमध्ये नोंदीचे नाव राहू द्या, हाक मात्र मुलाने सांगितलेल्या नावाने मारा. ते वर्गात अवघड वाटत असेल तर क्रमांकाने हजेरी घ्या, पण सगळ्या वर्गाची. अमेरिकेतल्या तीन शहरांत १२९ पारलिंगी तरुण मुलामुलींचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. घर, शाळा, कामाची जागा आणि मित्र यांपैकी जितक्या ठिकाणी त्यांना स्वतःचे नाव वापरता येत होते, तितके नैराश्य कमी होते. अशी एक जागा वाढली की आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी दिसले. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण या उपायाला एक रुपयाही लागत नाही.

मराठीत मात्र नाव बदलून भागत नाही. ‘आलास’ की ‘आलीस’, ‘करतोस’ की ‘करतेस’, जवळजवळ प्रत्येक वाक्यात मुलाचे लिंग पुकारले जाते. (आपल्याकडच्या तेलुगू आणि कन्नड घरांत ‘तू आलास का’ विचारताना ही अडचण येत नाही.) मुलाला एकांतात विचारा, कोणते रूप वर्गात चालेल आणि कोणते घरच्यांसमोर. दोन्ही उत्तरे वेगळी असू शकतात. ठरेपर्यंत ‘उत्तर सांग’, ‘पुढे ये’ अशी आज्ञार्थी रूपे वापरता येतात.

गणवेशात कापड एकच ठेवून शर्ट-पँट की सलवार-कमीज हे विद्यार्थ्यावर सोडावे. खेळाच्या तासाला सगळ्यांना ट्रॅक पँट चालतेच. परिपाठाच्या रांगा मुले-मुली अशा न करता उंचीप्रमाणे कराव्यात. मुलाने केस वाढवले म्हणून शाळेत कात्री लावणे तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने निषिद्ध ठरवलेल्या शारीरिक शिक्षेत आणि मानसिक छळात मोडते.

स्वच्छतागृहाकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि शरीराचे नुकसान तिथेच होते. मुलांकडे गेले तर छेड, मुलींकडे गेले तर ओरड, म्हणून ही मुले सकाळपासून पाणीच पीत नाहीत. चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापूरच्या उन्हात त्याने चक्कर येते, लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. अनेक शाळांत दिव्यांगांसाठीची खोली मोडक्या बाकांनी भरून कुलूपबंद असते. ती मोकळी करावी. आतून कडी, दिवा, पाणी, झाकणाची कचरापेटी एवढे पुरे. पेटी आवश्यकच, कारण पाळी येणाऱ्या पारलिंगी मुलाला मुलांच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला जागा नसते. दारावर ‘तृतीयपंथी’ अशी पाटी मात्र लावू नये. आत जाणारे प्रत्येक मूल त्या पाटीने उघडे पडते. ती खोली कोणत्याही विद्यार्थ्याला वापरता यावी.

छाती दिसू नये म्हणून काही मुले ओढणी किंवा क्रेप बँडेज आवळून बांधतात. बँडेज श्वासागणिक सैल होत नाही. बरगड्या दुखतात, दम लागतो, घामाने कातडी सोलते. त्यापेक्षा स्पोर्ट्स ब्रा आणि त्यावर सैल शर्ट बरा. छाती सपाट दिसावी म्हणून शिवलेला खास बाइंडर असला तरी आठ तासांहून जास्त नको, झोपताना आणि खेळताना तर नकोच. काही पारलिंगी मुली (नोंद मुलाची, पण स्वतःला मुलगी मानणाऱ्या) दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून भरमसाट घेतात. त्यातल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. औषध विक्रेत्यांनी अशा वेळी हटकावे, पण हाकलून देऊ नये.

चांगल्या मनाच्या शिक्षकांकडूनही एक चूक होते. मुलाने विश्वासाने सांगितले की त्याच दिवशी पालकांना बोलावणे जाते. मग मारहाण, कोंडून ठेवणे, मांत्रिक, मुलीची नोंद असेल तर लग्नाची घाई. आधी विचारावे, ‘घरी कोणाला माहीत आहे?’ कधी आत्या असते, कधी आजी. सुरुवात तिच्यापासून करावी. गुप्ततेची मर्यादाही आधीच सांगावी: जिवाला धोका किंवा लैंगिक अत्याचार असेल तर गप्प राहता येणार नाही. आत्महत्येचे बोलणे निघाले तर मुलाला एकटे सोडू नये. टेलिमानस (मानसिक आरोग्याची मदतवाहिनी) १४४१६ आणि चाइल्डलाइन (मुलांची मदतवाहिनी) १०९८ हे क्रमांक फलकावर हवेत. पारलिंगीपण ‘बरे करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरांकडे नेऊ नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

घर तुटले की देवीला वाहिलेल्या जोगत्यांचा किंवा तृतीयपंथीयांच्या घराण्याचा आधार मिळतो. तो आधार खरा असतो, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी तिकडे गेलेल्या मुलाची शाळा सुटते आणि दहावीविना पुढचे बहुतेक दरवाजे बंद होतात. २०१९ च्या त्याच पारलिंगी हक्क कायद्याचे कलम १३ शाळांना भेदभावाविना शिक्षण द्यायला सांगते. ‘एनसीईआरटी’ची याविषयीची शिक्षकपुस्तिका मात्र २०२१ मध्ये आली आणि लगेच संकेतस्थळावरून काढली गेली.

मुलाचे बरे चालले आहे का, हे अंदाजाने ठरवू नये. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची चाचणी आहे: गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, झोपेतून ताजेतवाने उठलात का, दिवसात आवडीचे काही होते का. प्रत्येकाला ० ते ५ गुण. २५ पैकी १३ हून कमी आले तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात पाठवावे. चाचणी संपूर्ण वर्गाची घ्यावी म्हणजे कोणी एकटे पडत नाही, आणि कागद वर्गशिक्षकांच्या टेबलावर न ठेवता समुपदेशकाकडे कुलपात ठेवावेत. जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा. शहराच्या तेलुगूभाषक पूर्वभागातल्या शाळांत प्रश्न तेलुगूतही विचारावेत, झोपेविषयी आणि मनाविषयी मूल घरच्या भाषेतच खरे बोलते.

आपले,
किशोरवयीन मुलांसोबत काम करणारे समुपदेशक, सोलापूर