राजीनामा लिहिण्याआधी

चि. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू शाळेतल्या नोकरीच्या राजीनाम्याचं बोललीस आणि लगेच "बाबांना सांगू नकोस" म्हणालीस. मी त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत, पोरीला झोप लागते का, एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हा हे पत्र दोघांचं समज.

पेशा पवित्र आहे म्हणून टिकून राहा, असं मी तुला म्हणणार नाही. सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, लोकांचं शेण-दगड अंगावर घेतले. त्यांच्याबद्दल मला किती आदर आहे ते तू जाणतेस. पण त्यांचं नाव पुढे करून थकलेल्या शिक्षिकेला गप्प बसवावं, हे मला पटत नाही.

मी मात्र एक गोष्ट पाहिली आहे. दिवाळीत तू घरी होतीस. रात्री जेवताना शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर मेसेज आला, "माहिती तात्काळ सादर करावी." भाताचा घास तसाच ताटात ठेवून तू उठलीस आणि रेंज मिळावी म्हणून गच्चीवर गेलीस. परत आलीस तेव्हा ताटाकडे पाहिलंसुद्धा नाहीस. त्याच सुट्टीत पहिलीतल्या एका मुलीबद्दल बोलत होतीस. घरात वारली बोलणारी, चार महिने तोंड न उघडलेली ती पोर एसटीवरची 'जव्हार' ही पाटी स्वतःहून वाचते, हे सांगताना तुझा आवाज वेगळाच झाला होता. म्हणून विचारते, तुला नकोसं काय झालंय? वर्ग, की वर्गाभोवतीचं सगळं?

कारण दोन्हींची उत्तरं निराळी आहेत. वर्गात पाऊल टाकावंसं वाटत नसेल, पोरांचा आवाज नकोसा झाला असेल आणि पुरेशी विश्रांती घेऊनही ते तसंच राहिलं, तर खुशाल सोड. त्या मुलांनाही न विटलेली बाई मिळायला हवी. पण शालेय पोषण आहाराचा हिशोब, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, आधार जुळत नाही म्हणून पटावर न धरलेली मुलं, मतदारयाद्या, ट्रेनिंग, यांनी तू पिचली असशील, तर शिकवण्यावर राग काढू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नये, असं स्पष्ट लिहिलंय. पण साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोनच शिक्षक, त्यातला एक बाहेर गेला की दुसऱ्यापुढे चार वर्ग. आणि वीटभट्ट्यांवर घरं निघाली की पट घसरतो, त्याचा जाबही तुलाच विचारतात. ही व्यवस्थेची कमतरता आहे. ती तुझ्या अंगी आहे असं तुला वाटायला लागलंय, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

आता कामाचं. राजीनामा आधी नको. तुझ्या अर्धपगारी रजा साठलेल्या असतील. वैद्यकीय दाखला जोडला तर त्या परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येतात, फक्त खात्यातून दुप्पट दिवस जातात. आपल्या गावच्या डॉक्टरांना दाखव. झोप नाही, सकाळी शाळेच्या वेळेला छातीत धडधडतं, हे त्यांना न लाजता सांग. रात्री फारच उलघाल झाली तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात.

"मी गेले तर सरांवर चारही वर्ग पडतील," असं तू म्हणशील. पडतील. पर्यायी शिक्षक देणं हे केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं काम आहे, त्यांना लेखी मागणी कर.

आंतरजिल्हा बदलीचा फॉर्म या वेळी भर. आरक्षणाचं रोस्टर आणि रिक्त जागा जुळायला किती वर्षं जातात ते मला ठाऊक आहे, पण भरलाच नाही तर नंबर लागायचाच नाही. आणि एकदा सोडलीस तर परत यायला पुन्हा टेट ही भरतीची परीक्षा, पुन्हा भरतीचं पवित्र पोर्टल, वयाची अट. ६,००० रुपये मानधनावर शिक्षण सेवक म्हणून तू तीन वर्षं काढलीस. ते मानधन २०२३ मध्ये १६,००० झालं, तोवर तुझी मुदत संपलेली होती. इतकं सोसून मिळवलेली जागा रागाच्या भरात जाऊ नये, एवढंच. पण ती वर्षं वाया जातील म्हणून अडकूनही राहू नकोस. गेली ती वर्षं, पोरांना अक्षरओळख झाली, ती कुठे जाणार नाही.

पैशाचं ओझं घेऊ नकोस. बाबांची पेन्शन आहे, माझी आहे, घराचं कर्ज फिटलंय. तुझ्या कर्जाचा हप्ता आम्ही काही महिने भरू शकतो, तसा हिशोब बाबांनी मांडून ठेवलाय. लोक काय म्हणतील ते मी बघते.

रजेचा अर्ज लिहिलास की फोटो पाठव, तारखा मी तपासते. बाबा शनिवारी तुला न्यायला निघतायत. नको म्हणू नकोस.

तुझी,
आई