मुख्यालयी राहा म्हणता, तं राहण्यासारखं करून द्या

संपादक साहेब,
नमस्कार.

आपल्या पेपरात मागच्या आठवड्यात आरोग्य उपकेंद्राला कुलूप, सिस्टर (तिथली नर्स) गैरहजर अशी बातमी आली, कुलपाचा फोटो पण होता, अन् मग दोन दिवस आमच्या इकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच चालू, फुकटचा पगार घेतात, घरभाडं उचलतात अन् राहतात तालुक्याला. मी आरोग्य सहाय्यिका म्हणून रिटायर झाले, आमच्यात एलएचव्ही म्हणतात, म्हणून हे लिहून राहिली. कुलूप होतं तं होतं, मी वकिली करत नाही, कामचुकार बाया माझ्याही हाताखाली होत्या अन् त्यांना मी सोडलं नाही. पण ती सिस्टर त्या दिवशी कुठं होती हे बातमीत कुठंच नाही. लसीकरण काही फक्त उपकेंद्रात होत नाही, गावोगावच्या अंगणवाडीत सत्र असते, लस पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, थंड डब्यात आणायची अन् शिल्लक राहिली ती संध्याकाळी परत पोचवायची. सपाट भागात 5000 लोकांमागे एक उपकेंद्र अन् आदिवासी भागात 3000 मागे, असा सरकारचाच नियम आहे, पण आमच्या केळापूर झरी कडे हे 3000 लोक एका जागी थोडेच राहतात, कोलामांचे पोड (आदिवासी वस्ती) टेकडीच्या पल्याड, मध्ये नाला, पावसाळ्यात गाडी अलीकडे लावून पायी जा. आता बऱ्याच ठिकाणी सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आले, उपकेंद्राचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, नवीन रंग मारला. उपकेंद्राच्या मागं सिस्टरचं जे राहायचं क्वार्टर असते त्याला रंग पण नाही मारला.

मला खरं बोलायचं आहे ते त्या क्वार्टरबद्दलच. मुख्यालयी राहा, म्हणजे जिथं नेमणूक तिथंच राहा, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे, सभापतीपासून पानठेल्यापर्यंत. 2019 मध्ये ग्रामविकास विभागाचा जीआर आला की मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणा. म्हणजे सिस्टर राहते का नाही हे गाव ठरवणार. ऐकायला बरं वाटते, पण ज्या गावात बाईला रोज काम करायचं आहे, दारूवाल्याला बोलायचं आहे, कमी वयाच्या पोरीचं लग्न थांबवायचं आहे, त्याच गावाच्या सहीवर तिचा घरभाडे भत्ता टांगून ठेवला तं ती कोणाला काय बोलणार? अन् कंत्राटी सिस्टरला तं घरभाडं वेगळं मिळतच नाही, एकत्रित मानधन असते, तरी शिव्या तिलाही त्याच.

बरं राहायचं कुठं? किती क्वार्टरं मी सुपरव्हिजनला गेल्यावर पाहिली, स्लॅब गळते, संडासाला दार नाही, टाकीत पाणी चढत नाही कारण मोटर जळाली अन् मोटर दुरुस्तीचा कागद बांधकाम विभागात. मे महिन्यात आमच्या इकडे पारा 45 च्या वर जाते अन् लोडशेडिंग वेगळं. गावाबाहेर इमारत, कंपाउंड नाही, रात्री दिवा नाही. अशा जागी एकटी बाई तिच्या लहान लेकराला घेऊन राहील असं ज्या साहेबांना वाटते त्यांनी एक पावसाळा तिथं काढून दाखवावा, घरचे सोडून या म्हणत नाही, सोबत आणा. एका सिस्टरनं मला मासिक सभेच्या बाहेर म्हटलं होतं, "मॅडम, राहाले मी तयार आहो, पण साप निघते न बाप्पा घरात, काहून नाई राहत म्हणून नोटीस देता अन् पत्रे काहून नाई बदलून देत?" तिचा अर्ज मी वर पाठवला होता. नोटिशीला उत्तर सात दिवसात पाहिजे असते, अर्जाला अशी काही मुदत नसते.

दुसरी गोष्ट रात्रीच्या कॉलची. रात्री एक दीडला कोणी अनोळखी माणूस मोटरसायकल घेऊन येते, बाई अडली आहे चला. नाही गेली तं उद्या बातमी, गेली तं एकटी. 108 आहे, 102 आहे, पण गाडी यायला वेळ लागते अन् तोपर्यंत लोक दारात उभे, कोणी पिऊन असते. याच्याबद्दल लेखी नियम काय आहे हे मी नोकरीत असताना विचारलं तं सांगितलं, आशाताईला सोबत घ्या. म्हणजे एका बाईच्या जागी दोन बाया, अन् दुसरीला तं सरकार कर्मचारी पण मानत नाही, स्वयंसेविका म्हणते!

कायदा नाही असं नाही हो. 2013 चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा वाचून पाहा, त्यात कामाची जागा म्हणजे फक्त ऑफिस नाही, कामासाठी जिथं जावं लागते ती जागा सुद्धा येते, घर सुद्धा येते. अन् कर्मचारी म्हणजे कंत्राटी, रोजंदारी, मानधनावरची, स्वयंसेवक म्हणून काम करणारी सगळी, म्हणजे आशाताई पण आली. दहा किंवा जास्त माणसं असली तं तिथं अंतर्गत समिती पाहिजे, कमी असली तं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते, तीन महिन्याच्या आत करायची असते. आता तुमच्या जवळच्या पीएचसीत जाऊन समितीचा बोर्ड कुठं लागला आहे पाहा, कुटुंब नियोजनाचा बोर्ड दिसेल, तंबाखूचा दिसेल. अन् हा कायदा मुळात कोणाच्या केसमधून आला? भंवरीदेवी, राजस्थानची साथिन, सरकारी योजनेतली गावपातळीची बाई, बालविवाह थांबवायला गेली म्हणून 1992 मध्ये तिच्यावर अत्याचार झाला, अन् त्यातून सुप्रीम कोर्टाचे 1997 चे विशाखा नियम आले. आमच्या सिस्टरसारखीच बाई होती ती. पण ट्रेनिंगमध्ये हे कोणी शिकवत नाही, ट्रेनिंगमध्ये ॲप शिकवतात.

ॲपचं तं विचारूच नका, माता बालकाचं वेगळं, टीबीचं वेगळं, बीपी शुगरचं वेगळं, अन् सर्व्हरच्या भरवशावर काही नाही म्हणून रजिस्टर पण लिहायचं. पोडावर रेंज नाही, तं रात्री घरी बसून भरा.

मारहाणीचं पण तसंच. 2010 पासून महाराष्ट्रात डॉक्टर नर्सवर हात उचलला तं तीन वर्षापर्यंत शिक्षा अन् 50 हजारापर्यंत दंड असा कायदा आहे, अजामीनपात्र. पण पोलीस स्टेशनला कोण जाते? जिला मार पडला तीच जाते, एकटी, नवऱ्याच्या गाडीवर, अन् ठाणेदार विचारते, "गावातलेच आहे न, मिटवून टाका." कोलकात्याच्या आरजी कर हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टर पोरीवर अत्याचार अन् खून झाला, त्यानंतर ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं आपल्या हॉस्पिटलांना कळवलं की ड्युटीवर हल्ला झाला तं सहा तासाच्या आत संस्थेच्या प्रमुखानं एफआयआर करायची. हेच जिल्हा परिषदेनं आपल्या पीएचसी उपकेंद्राला लागू करायला काय हरकत आहे? एक पत्र काढायचं आहे फक्त, मेडिकल ऑफिसरनं नाही तं टीएचओनं (तालुका आरोग्य अधिकाऱ्यानं) स्वतः फिर्याद द्यावी. पैसा लागत नाही त्याला.

अन् लेकरं. सहा महिने फक्त आईचं दूध द्या हे गावभर सांगणारी बाई बाळंतपणाची रजा संपली की बाळाला सासूपाशी दुसऱ्या गावात ठेवते, कारण क्वार्टर तसं अन् पाळणाघर कुठंच नाही. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 च्या दुरुस्तीत 50 किंवा जास्त कर्मचारी असले तं पाळणाघर सक्तीचं केलं, चांगलं आहे, पण आमच्या कोणत्या पीएचसीत 50 माणसं भरतात? शेजारी अंगणवाडी असते, तिच्यासोबत जोडून काही करता येते, पण ते खातं वेगळं म्हणून कोणी बोलतच नाही. कंत्राटीवाल्या तं बोलायलाच भेतात, ऑर्डर पुढं निघेल का नाही. मार्च 2024 मध्ये शासनानं दहा वर्षं झालेल्यांना 30 टक्के जागांवर सामावून घ्यायचा निर्णय काढला, पण 2025 च्या ऑगस्टमध्ये त्या पुन्हा संपावर बसल्या, त्याच मागणीसाठी. संपाच्या दिवसात लोकांना कळलं की सिस्टर काय काय करत होती.

माझी मागणी मोठी नाही. जिल्हा परिषदेनं एक यादी लावावी, कोणत्या उपकेंद्राचं क्वार्टर राहण्यालायक आहे अन् कोणत्याचं नाही, बांधकाम विभागाच्या सहीची, अन् पंचायत समितीच्या भिंतीवर लावावी म्हणजे सगळ्यांना दिसेल. जिथं लायक नाही तिथल्या सिस्टरला दुरुस्ती होईपर्यंत ठराव मागू नये अन् नोटीस देऊ नये. रात्रीच्या कॉलला पीएचसीची गाडी अन् एक शिपाई किंवा ड्रायव्हर सोबत, तसा लेखी आदेश, अन् तो आदेश ग्रामसभेत वाचून दाखवावा, नाही तं लोक म्हणतील सिस्टरच नाटक करते. क्वार्टर चांगलं असून जी राहत नाही तिच्यावर खुशाल कारवाई करा, मी स्वतः साक्ष द्यायला येते.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
ता. केळापूर, जि. यवतमाळ